टाकीत चमचाभर युरिया? जरा थांबा

बेळगावात वडगाव-शहापूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हायड्रोपोनिक्सचा, म्हणजे मातीशिवाय पाण्यावर झाडं वाढवण्याचा, एक मेसेज फिरतोय: गच्चीवर पाइप जोडा, टाकीत चमचाभर युरिया घाला, छोटा पंप लावा, पाणी फिरतंच राहतं, बदलायची गरज नाही.

निम्मं खरं आहे. पाणी फिरतं, वाचतंही. पण युरियातलं नत्र मुळांना नीट घेता यायला मातीतले जिवाणू लागतात. नव्याकोऱ्या टाकीत ते कुठले? शिवाय पालाश (पोटॅशियम), कॅल्शियम, लोह त्यात नसतंच. हायड्रोपोनिक्सचं खत बहुधा दोन भागांत मिळतं. ते दाट असतानाच एकत्र केलं की तळाशी पांढरा साका बसतो. मी स्वतः पहिल्यांदा हाच शहाणपणा केला होता! एक भाग भरल्या टाकीत पूर्ण ढवळून मगच दुसरा घालायचा. पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कपणाचं माप) ५.५ ते ६.५ ठेवायचा.

पाणी फिरलं म्हणून ताजं राहत नाही. झाड हवं ते उचलतं, नको ते क्षार साठत जातात. म्हणून साधारण दोन आठवड्यांनी बदलायचं. जुनं पाणी कुंड्यांना चालतं. बोअर खारट असेल तर पावसाचं पाणी साठवा, बेळगावात त्याला तोटा नाही. आणि टाकी पारदर्शक नको, उजेड मिळाला की शेवाळ धरतं.