आवड पोटात तयार होते

लेकरू भाकर टाकून दुकानातल्या खाऊच्या पाकिटाकडे धावलं की गावात दोनच निकाल लागतात. एक तर पोट्टं लाडावलं, नाही तर मायनं वळण लावलं नाही. घाटंजी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं पालकसभेत हे दोन्ही मला नेहमी ऐकावे लागतात. "मॅडम, याले भाकर गोडच नाही लागत," असं मान खाली घालून सांगणारी माय पाहिली की जीव तुटतो. कारण आवडीनिवडीचा मोठा भाग जिभेच्या खाली, आतड्यात ठरतो.

ब्रुकलिन कॉलेजमधल्या अँथनी स्क्लाफनी यांनी १९८० च्या दशकात उंदरांवर प्रयोग केले. उंदीर एका चवीचं पाणी पिऊ लागला की नळीतून थेट जठरात पिष्टाचं द्रावण सोडायचं. दुसऱ्या चवीच्या वेळी नुसतं पाणी. जठरात काय गेलं हे जिभेला कळायचा प्रश्नच नव्हता. तरी थोड्याच दिवसांत उंदीर पहिल्या चवीसाठी हपापले.

पुढं २०२० मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या चार्ल्स झुकर यांच्या गटानं ही वाट शोधून दाखवली. उंदरांपुढं दोन बाटल्या ठेवल्या, एकीत साखर, दुसरीत तितकंच गोड पण ऊर्जा नसलेलं रसायन. सुरुवातीला दोन्हींतून सारखंच पिणं झालं. दोन दिवसांत मात्र जवळजवळ सगळे साखरेच्या बाटलीवर. ज्यांना गोड चव कळतच नव्हती, तेही. आतड्यातल्या पेशी ग्लुकोज ओळखतात, व्हेगस नावाची नस ती खबर मेंदूच्या बुडाशी नेते, आणि तिथल्या ठरावीक पेशी बंद केल्या की साखरेची ही ओढच तयार होत नाही.

हे ग्लुकोज ओळखण्यात एसजीएलटी १ नावाच्या वाहकाचा, म्हणजे ग्लुकोज पेशीच्या आत नेणाऱ्या प्रथिनाचा, मोठा हात आहे. हगवण लागल्यावर आशाताई मीठ-साखरेचं पाणी पाजायला सांगतात ना, तेही याच वाहकाच्या जोरावर: ग्लुकोज आत शिरताना मिठातलं सोडियम सोबत नेतं आणि त्यांच्यामागं पाणी जातं. लेकराचा जीव वाचवणारी ही सोय आहे. तिला दोष कसा द्यायचा?

आता आपल्याकडचा कापूस वेचणीचा हंगाम आठवा. माय दिवस उजाडताच वावरात जाते, जाताना पोराच्या हातावर दहा रुपये ठेवते. शाळा सुटते, पोटात आग पडलेली असते, आणि त्या भुकेला समोर येतं ते मसाल्याचं पाकीट नि आंब्याच्या वासाचं रंगीत पाणी. साखर, पिष्ट, तेल पोटात उतरतं आणि त्या वासावर, त्या मसाल्यावर आवडीचा शिक्का बसतो. हे रोज झालं की घरची अंबाडीची भाजी परकी वाटणारच.

पण आतडं कंपनीचं नाव वाचत नाही. ज्वारीचं पिष्टही शेवटी ग्लुकोजच होतं. अमेरिकेत लियान बर्च यांनी १९९० मध्ये लहान मुलांवर असाच प्रयोग केला, तेव्हा ज्या नव्या चवीसोबत ऊर्जा मिळाली ती मुलांना जास्त आवडू लागली. माणसांत हा परिणाम उंदरांइतका जोरकस नसतो, तरी तो आहे. म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. शाळा सुटल्यानंतरची ती पहिली भूक घरच्या चवीला द्या: भाकरीचा काला, शेंगदाणे, थंडीत हुरडा, अंबाडीच्या शरबतात थोडा गूळ. थोडाच, कारण गूळही साखरच. पोट भरल्यावर "हेही खा" म्हणून केलेल्या आग्रहातून यातलं फारसं काही साधत नाही.

आणि हे ओझं एकट्या मायवर नको. जास्त साखर, मीठ नि तेलाचे पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकू नयेत, असा देशाचा नियम २०२० मध्येच झालाय. येत्या ग्रामसभेत मी दोन मागण्या मांडणार आहे. हा नियम आपल्या गावात लागू करा, आणि वेचणीचे महिने शाळा सुटताना पोरांना भाकर-शेंगदाणे मिळतील अशी सोय बचत गटाकडं द्या. ज्यांच्या घरून वेचायला जातात त्यांनी त्या दिवशी नक्की या.