‘नासाच्या आधी आपल्याला ठाऊक होतं’: त्या मेसेजची उलटतपासणी

संक्रांत, गुढीपाडवा आणि ग्रहण. या तीन निमित्तांना एक मेसेज हमखास डोकं वर काढतो. मजकूर थोडाफार बदलतो, सार तेच. हनुमान चालिशेत सूर्याचं अंतर दिलंय, ऋग्वेदात प्रकाशाचा वेग दिलाय. दुर्बिणीच्या हजारो वर्षं आधी आपल्याला नऊ ग्रह ठाऊक होते. लग्नात दाखवतात ती अरुंधती म्हणजे जोडतारा. कोपर्निकसच्या हजार वर्षं आधी आर्यभटाने सूर्य मध्यभागी ठेवला. उत्तरायण संक्रांतीलाच सुरू होतं. पंचांग हजारो वर्षं न बदलता अचूक आहे. सूर्यातून ॐ ऐकू येतो. आणि हे सगळं नासाने आता मान्य केलंय. खाली ठरलेली ओळ: ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा.’

अभिमान मलाही आहे, पण तो ज्यांच्याबद्दल आहे ती माणसं या मेसेजमध्ये जवळजवळ नाहीतच. एकेक दावा घेऊ.

‘चालिशेत सूर्याचं अंतर आहे’

ओळ सगळ्यांना पाठ आहे: ‘जुग सहस्र जोजन पर भानू’. मेसेजचं गणित असं की जुग म्हणजे १२,०००, सहस्र म्हणजे १,००० आणि योजन म्हणजे ८ मैल. गुणाकार ९ कोटी ६० लाख मैल. प्रत्यक्ष अंतर सुमारे ९ कोटी ३० लाख. फक्त तीन टक्क्यांची चूक, मग आणखी काय हवं?

हवं एवढंच, की हे तीन आकडे कुणी आणि कशावरून निवडले ते सांगा. १२,००० हा चारही युगं मिळून होणाऱ्या दिव्य वर्षांचा आकडा आहे. तो वर्षांचा, आणि इथे मोजायचंय अंतर. आकड्यांऐवजी शब्द वापरायच्या जुन्या रीतीत ‘युग’ म्हणजे बहुधा चार. तो घेतला तर गुणाकार ३२,००० मैल येतो आणि सूर्य चंद्राच्याही अलीकडे येऊन बसतो. मेसेज लिहिणारा पुस्तकाच्या मागची उत्तरं बघून गणित मांडणाऱ्या पोरासारखा वागलाय, पायऱ्या त्याने नंतर भरल्या. तुलसीदासांचा यात काही दोष नाही. बाळ हनुमंताने सूर्याला गोड फळ समजून गिळलं हे त्यांना गायचं होतं, अंतर मोजायचं नव्हतं.

अंतर खरोखर मोजू पाहणारे लोक वेगळे होते, आणि त्यांचे आकडे आजही वाचता येतात. सूर्यसिद्धान्त हा जुना संस्कृत खगोलग्रंथ पृथ्वीचा व्यास १,६०० योजने धरतो. चंद्राच्या कक्षेचा घेर ३,२४,००० योजने आणि सूर्याच्या कक्षेचा ४३,३१,५००. यावरून चंद्र पृथ्वीच्या त्रिज्येच्या साडेचौसष्ट पट दूर येतो. आजचं मोजमाप सरासरी साठ पट. कसलीही दुर्बीण नसताना हे उत्तर विलक्षण आहे. सूर्य मात्र येतो सुमारे ८६२ पट, आणि तो आहे साधारण २३,५०० पट. चूक सत्तावीस पटींची.

एक उत्तर इतकं बरोबर आणि दुसरं इतकं चूक का, ही खरी गोष्ट आहे. चंद्र जवळ आहे, त्यामुळे पृथ्वीवरच्या जागेनुसार तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सरकलेला दिसतो. याला लंबन म्हणतात, आणि चंद्राचं लंबन पकडता येतं. सूर्याचं लंबन जेमतेम ८.८ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), नुसत्या डोळ्यांना अशक्य. मग सिद्धान्तकारांनी एक गृहीतक धरलं: सगळे ग्रह दिवसाला सारखीच योजने चालतात, म्हणून ज्याला फेरीला जास्त दिवस लागतात तो तितका लांब. चंद्राला २७.३ दिवस, सूर्याला ३६५.२५. भागाकार करा, १३.३७ येतात. आता ४३,३१,५०० ला ३,२४,००० ने भागा. तेच १३.३७. अंतर मोजलेलं नव्हतं, काढलेलं होतं, आणि गृहीतक चुकल्यामुळे ते चुकलं. ग्रीकांच्या टॉलेमीने वेगळ्या वाटेने जाऊन १,२१० त्रिज्या काढल्या. तोही तसाच फसला.

बऱ्यापैकी बरोबर आकडा मिळायला १६७२ साल उजाडलं, तेव्हा मंगळाचं लंबन मोजलं गेलं. पुढे १७६१ आणि १७६९ साली शुक्र सूर्यबिंबावरून सरकला, तेव्हा जगभर माणसं पाठवली गेली. त्यातला ल झांतिय हा फ्रेंच ज्योतिर्विद पुदुच्चेरीला निघाला होता. तो पोहोचण्याआधीच गाव इंग्रजांनी घेतलं, आणि पहिलं अधिक्रमण त्याला डुलत्या जहाजावरून बघावं लागलं, मोजमाप शून्य. मग आठ वर्षं तो पूर्वेकडेच राहिला. १७६९ साली पुदुच्चेरीत यंत्रं लावून सज्ज बसला आणि ऐन वेळी आभाळ भरून आलं. सूर्याचं अंतर असं, हाल सोसून मिळालंय. एका चौपाईत ते आयतं ठेवलेलं असतं तर आपल्याच सिद्धान्तकारांनी सत्तावीस पट चूक कशाला केली असती?

‘ऋग्वेदात प्रकाशाचा वेग आहे’

ऋग्वेदात नाही. पहिल्या मंडलातल्या पन्नासाव्या सूक्तावर चौदाव्या शतकात विजयनगरच्या सायणाचार्यांनी भाष्य लिहिलं. त्यात ते ‘असं स्मरतात’ म्हणून एक श्लोक देतात: अर्ध्या निमिषात २,२०२ योजने चालणाऱ्या तुला नमस्कार. नमस्कार सूर्याला आहे. चालतोय सूर्य, प्रकाश नाही.

पण आकडा बघाच. निमिष म्हणजे सेकंदाचे १६/७५ आणि योजन म्हणजे ९ मैल घेतलं, की सेकंदाला १,८५,७९४ मैल येतात. प्रकाशाचा वेग १,८६,२८२. जमलं की! फक्त मघाशी, त्याच मेसेजमध्ये, दोन ओळी वर, योजन ८ मैलांचं होतं. इथेही ८ घेतलं तर १,६५,००० वर येतो. तिथे ९ घेतलं तर सूर्य १० कोटी ८० लाख मैलांवर जातो. सूर्यसिद्धान्ताचं योजन जेमतेम ५ मैलांचं आहे, त्याने दोन्ही उत्तरं कोसळतात. निमिषाचंही एकच माप नाही. काष्ठा हे त्याच्या वरचं कालमाप; काही पुराणांत १५ निमिषांची एक काष्ठा, तर मनुस्मृतीत १८ ची. मनूचं निमिष घेतलं तर वेग २,२२,००० मैलांच्या पुढे जातो. सोयीचं योजन आणि सोयीचं निमिष निवडायची मुभा असेल तर कुठल्याही श्लोकातून कुठलाही वेग निघेल.

प्रकाशाला वेळ लागतो हे १६७६ साली रोमर या डॅनिश ज्योतिर्विदाने गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांवरून दाखवलं. पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना ती ग्रहणं उशिरा दिसत होती. तो उशीर कुणीही पुन्हा मोजावा, श्लोकाची गरज नाही.

‘नऊ ग्रह आधीच ठाऊक होते’

रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू, केतू. यातला पहिला तारा, दुसरा उपग्रह, शेवटचे दोन दिसतच नाहीत. आणि आपण ज्यावर उभे आहोत ती पृथ्वी यादीतच नाही. उरले पाच, आणि हे पाच बॅबिलोनपासून चीनपर्यंत सगळ्यांना दिसत होते. २००६ पासून ग्रह आठच मोजतात, तेव्हा नऊ हा आकडाही आता हाताशी राहिलेला नाही.

कुणी पुढे जाऊन सांगतं की राहू-केतू म्हणजेच युरेनस आणि नेपच्यून. घरातलं पंचांग उघडा. राहू आणि केतू कायम बरोबर समोरासमोर, १८० अंशांवर असतात, उलटे चालतात आणि १८.६ वर्षांत फेरी पुरी करतात. युरेनसला ८४ वर्षं लागतात, नेपच्यूनला १६५. राहू-केतू हे चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला जिथे छेदतो ते दोन बिंदू आहेत. ग्रहणं त्यांच्या जवळच होतात, म्हणून ते गणितात हवेतच.

आणि इथे परंपरेतच मोठं भांडण आहे, जे मेसेज लपवतो. आर्यभटाने ४९९ साली स्वच्छ लिहिलं की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची मोठी सावली. ६२८ साली ब्रह्मगुप्ताने, स्वतः ग्रहण सावलीच्याच हिशेबाने मांडत असूनही, राहू नाकारणाऱ्यांना झापलं, कारण ते वेद आणि स्मृतींना धरून नाही. एवढा मोठा गणिती, आणि गणित एकीकडे नि शास्त्रवचन दुसरीकडे अशी ओढाताण त्याच्या पानावर दिसते. मला हा भाग कुठल्याही चमत्कारापेक्षा जास्त वाचनीय वाटतो.

‘अरुंधती-वसिष्ठ जोडतारा आहे हे ऋषींना माहीत होतं’

सप्तर्षींच्या शेपटीतला मधला वसिष्ठ, त्याला चिकटून मंद अरुंधती. दोघांत सुमारे १२ कलांचं (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अंतर आहे, बरी नजर असेल तर डोळ्यांनीच दिसतं. अरब लोकही ही जोडी नजर पारखायला वापरत. ‘दोघं एकमेकांभोवती फिरतात, म्हणून पती-पत्नी समान’ हे वाक्य हल्लीचं आहे. आधी मोठा तारा दाखवावा आणि मग त्याच्या आधाराने बारीक, एवढाच जुना न्याय. आधुनिक दुर्बिणींतून तिथे दोन नाही, सहा तारे निघालेत: वसिष्ठात चार, अरुंधतीत दोन. त्या हिशेबाने संसार जरा अवघड होतो.

‘आर्यभटाने सूर्य मध्यभागी ठेवला’

नाही ठेवला. त्याच्या मांडणीत मध्ये पृथ्वी आहे आणि तिच्याभोवती चंद्र, बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू, शनी. त्याने म्हटलं ते वेगळं आणि कमी मोलाचं नाही: पृथ्वी स्वतःभोवती फिरते. पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठ मागे जाताना दिसतो, तसे स्थिर तारे पश्चिमेला जाताना दिसतात. ४३,२०,००० वर्षांत पृथ्वीच्या १,५८,२२,३७,५०० फेऱ्या, हा त्याचा आकडा. यावरून एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४.१ सेकंदांची येते. आजच्या मोजमापाशी हे सेकंदाच्या दशांशापर्यंत जुळतं, आणि इथे योजन-निमिषाची हातचलाखी लागत नाही.

त्याच्याच देशातल्या लोकांनी हे मानलं का? वराहमिहिराने विचारलं, पृथ्वी फिरत असेल तर आकाशात उडालेले पक्षी घरट्यात परत कसे येतात? ब्रह्मगुप्ताने विचारलं, उंच वस्तू पडत का नाहीत? पुढच्या काही टीकाकारांनी तर श्लोकाचा अर्थच फिरवून पृथ्वी पुन्हा स्थिर केली. सूर्यकेंद्राच्या जवळ कुणी गेलं असेल तर ते केरळचे नीलकंठ सोमयाजी, १५०० च्या सुमाराला. त्यांनी पाच ग्रह सूर्याभोवती फिरवले, आणि सूर्य पृथ्वीभोवती. त्यांचं नाव मात्र मेसेजमध्ये मला अजून सापडलेलं नाही.

‘सूर्यातून ॐ ऐकू येतो, नासाने रेकॉर्ड केलंय’

पोकळीतून आवाज येत नाही. सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांच्या लयीत वरखाली होतो. सोहो यानाने टिपलेली ती कंपनं कानाला ऐकू यावीत म्हणून ४२,००० पट वेगाने वाजवली गेली. जे ऐकू येतं ती घुमणारी घरघर आहे.

‘संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं’

एके काळी व्हायचं, साधारण सतराशे वर्षांपूर्वी. आता सूर्य २१-२२ डिसेंबरला उत्तरेकडे वळतो. दुपारची सगळ्यात लांब सावली कुठल्या दिवशी पडते ते अंगणात काठी रोवून बघता येईल. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे ऋतू आणि तारे यांची जोडी ७२ वर्षांत एका अंशाने सुटते. आपली मकर रास ताऱ्यांना बांधलेली, उत्तरायण ऋतूंना. फरक आता सुमारे २४ अंशांचा झालाय. म्हणून संक्रांतीची तारीखही पुढे सरकते. १८६३ साली ती १२ जानेवारीला होती, विवेकानंदांचा जन्म त्याच दिवशीचा. जाता जाता: पानिपतची लढाई संक्रांतीलाच झाली असं सर्रास म्हटलं जातं. १७६१ साली संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. लढाई झाली १४ ला.

‘पंचांग हजारो वर्षं न बदलता अचूक’

हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण पंचांग अचूक राहिलं ते बदलत गेल्यामुळे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ग्रहलाघव हा पंचांगाच्या गणिताचा ग्रंथ रचला. त्यात त्यांनी कुठला ग्रह कुठल्या सिद्धान्तातून घेतला ते उघड सांगितलंय: सूर्य सूर्यसिद्धान्तातून, चंद्रही तिथूनच पण नऊ कला कमी करून, शनी आर्यभटाच्या पक्षाचा पण पाच अंश वाढवून. का, तर आकाशात तसं दिसत होतं. ऋषींच्या नावावरच्या ग्रंथात दुरुस्ती करायला त्यांना संकोच वाटला नाही.

परंपरेतल्या गणकांची खरी ताकद बघायची तर पुन्हा ल झांतियकडे जावं. ३० ऑगस्ट १७६५ च्या चंद्रग्रहणाचा कालावधी त्याने पुदुच्चेरीतल्या तमिळ पद्धतीने काढवून घेतला. तो ४१ सेकंदांनी कमी निघाला, आणि त्या वेळच्या नावाजलेल्या मायरच्या युरोपीय कोष्टकांचा ६८ सेकंदांनी जास्त. असा खरा किस्सा असताना लोक ॐ का पाठवतात?

ग्रहलाघव महाराष्ट्रात तीनशेहून अधिक वर्षं चाललं. एकोणिसाव्या शतकात आकाश पुन्हा जुळेना. मग केरूनाना छत्र्यांनी युरोपीय कोष्टकांवरून ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ केली, १८६० साली. त्यावर पटवर्धनी पंचांग निघालं. पुढे व्यंकटेश बापूजी केतकरांनी नवं गणित दिलं, टिळक वादात उतरले. ग्रह कुठे आहेत यावर हळूहळू एकमत झालं. राशिचक्र कुठून मोजायचं, रेवतीपासून की चित्रेवरून, यावर झालं नाही, आणि दोन मोजणींत सुमारे चार अंशांचा फरक राहिला. कोकणात काही घरांत आजही रेवतीपासून मोजणारं टिळक पंचांग चालतं. त्या चार अंशांमुळे एखाद्या वर्षी अधिकमास वेगळा पडतो, आणि एकाच वाडीत एका घरचा गणपती शेजारच्या घरच्यापेक्षा महिनाभर आधी येऊन विसर्जितही होतो.