रोमनांचे मोजे आणि माझे

पावसाबद्दल चिपळूणच्या माणसाला कुणी काही शिकवू नये. २००५ आणि २०२१ या दोन्ही पुरांचं पाणी आमच्या भिंतींनी पाहिलंय. त्या माजातच मी इंग्लंडच्या उत्तर टोकाला, व्हिंडोलांडा या रोमन किल्ल्याच्या उत्खननावर दाखल झाले. आमचा पाऊस कोसळतो, आरडाओरडा करतो आणि एकदाचा मोकळा होतो. तिथल्या नॉर्थम्बरलंड परगण्याचा पाऊस आडवा येतो, कॉलरमधून आत शिरतो, कमरेपाशी मुक्काम करतो आणि शेवटी मोज्यात उतरतो. तिथली माणसं त्याला पाऊस म्हणायलाच तयार नाहीत. ‘आज जरा ओलसर आहे,’ असं म्हणून चहाच्या कपात पडणाऱ्या थेंबांसकट चहा पितात.

दुसरा धक्का कामाचा. आपल्याकडे साइटवर पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याचा थाट असतो. कुदळ गावातले दादा चालवतात, घमेली मावश्या उचलतात आणि आपण सावलीत बसून ग्राफपेपरवर ट्रेंचची, म्हणजे खणलेल्या चराची, भिंत काढतो. अधूनमधून ‘दादा, जरा हळू’ म्हटलं की झालं शास्त्र. इथे दादाही नव्हते आणि मावश्याही नव्हत्या. निवृत्त बँक मॅनेजर, शाळेतल्या बाई, दातांचे डॉक्टर अशी मंडळी पदरचे पैसे भरून, हक्काची रजा टाकून गुडघ्यांवर बसून ट्रॉवेलने, म्हणजे गवंड्याच्या छोट्या थापीने, चिखल खरवडत होती. बादली भरली की एकचाकी गाड्यात ओतायची आणि गाडा ओल्या फळीवरून ढकलत ढिगाऱ्यावर न्यायचा. ज्याने हा गाडा शोधला त्याला दुसरं चाक लावायला कुणी बंदी केली होती का?

आजीला हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “काय गो, पैसे भरून चिखलात बसतेस? लावणीला बोलावलं की तुझं डोकं दुखायचं. आमच्याकडे आली असतीस तर वर जेवायलाही घातलं असतं.”

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं. व्हिंडोलांडाला साधारण इ. स. ८५ पासून एकावर एक असे नऊ किल्ले झाले. रोमन सम्राट हॅड्रियनची सरहद्दीवरची भिंत इ. स. १२२ ला सुरू झाली, त्याच्याही आधीपासून इथे फौज होती. सुरुवातीचे किल्ले लाकडी. जुना पाडायचा, त्यावर चिकणमाती आणि गवताचे ठोकळे अंथरायचे आणि नवा उभारायचा. त्यामुळे खालच्या थरांत हवाच पोचली नाही आणि जे कुजायला हवं होतं ते कुजलं नाही. चामड्याच्या वहाणा हजारोंनी निघाल्या, २०१४ मध्ये संडासाची लाकडी बैठकसुद्धा. त्या काळ्या थरात ट्रॉवेल घातलं की एक वास येतो, गोठ्याचा आणि गटाराचा मिळून. रोमनांनी जमिनीवर अंथरलेलं नेचं उलटलं, तर पान चक्क हिरवं दिसतं. कुणाला तरी दाखवावं म्हणून मान वळवेपर्यंत ते तपकिरी पडतं. एकोणीसशे वर्षं टिकलेला रंग मिनिटभरही थांबत नाही.

आणि याच चिखलात पत्रं आहेत. १९७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना इथे लाकडाच्या ढलप्या मिळाल्या. दोन चिकटलेल्या ढलप्या सोडवल्या, तर आत शाईचं लिखाण! उघड्यावर ते दिसेनासं झालं, पुढे इन्फ्रारेड फोटोंतून वाचता आलं. तेव्हापासून प्रत्येक विद्यार्थ्याच्या नशिबी एकच काम आलं: पोस्टकार्डाएवढी, एक-दोन मिलिमीटर जाडीची लाकडाची जी जी पट्टी दिसेल तिचा मान राखायचा. आता लाकडी किल्ला म्हणजे सुतारकाम आलं आणि सुतारकाम म्हणजे ढलप्या. मी श्वास रोखून एकेक उचलायची, ट्रेमध्ये ठेवायची, पर्यवेक्षकाला हाक मारायची. तो सगळं सोडून यायचा, वाकून नीट बघायचा आणि अतिशय आदराने म्हणायचा, “ढलपी.”

पत्रांत आहे काय म्हणाल, तर आपल्याच घरचं गाऱ्हाणं. एकात मोजे पाठवल्याचं लिहिलंय, चपलांचे दोन जोड आणि आतल्या चड्ड्या दोन. लिहिणाऱ्याचं नाव काळाने खाल्लं, चड्ड्यांचा आकडा तेवढा ठेवला. मास्क्लस नावाचा अधिकारी वरिष्ठांना कळवतो की पोरांकडची बिअर संपली आहे, धाडण्याची आज्ञा व्हावी. ऑक्टेव्हियस नावाचा गृहस्थ धान्याच्या सौद्यासाठी पाचशे देनारी, म्हणजे रोमन चांदीची नाणी, मागतो, नाहीतर इसार बुडेल आणि चारचौघांत लाज जाईल म्हणतो. कातडी आणायला अजून गेलो नाही, कारण रस्ते खराब आहेत आणि जनावरांना इजा होईल, हेही त्याचंच. मुंबई-गोवा महामार्गाच्या काठी वाढलेल्या माझ्यासारखीला रोमन साम्राज्य एकदम सोयऱ्यातलं वाटलं.

हे कागद, म्हणजे लाकडाच्या पाट्या, नष्ट होण्यापासून बचावल्या कशा त्याचीही गंमत आहे. इ. स. १०५ च्या सुमारास इथल्या बटेव्हियन तुकडीची (आजच्या नेदरलँड्सकडच्या सैनिकांची) बदली झाली तेव्हा त्यांनी दफ्तराची होळी केली. ती पुरती पेटायच्या आतच पावसाने विझवली असावी, असं अभ्यासक मानतात. म्हणजे माझे मोजे भिजवणाऱ्या त्या ‘ओलसर’ हवेनेच रोमनांचे मोजे वाचवले. हे कळल्यावर पावसाला शिव्या घालायचीही चोरी झाली.

आधार होता तो दुपारच्या जेवणाचा, तोही पांढऱ्या पावात काकडी एवढाच. एका हिशेबाच्या पाटीवर गाम्बाक्स नावाच्या शिपायापुढे ‘मिरी, दोन देनारी’ अशी नोंद आहे. मिरी मलबारची, समुद्रावरून इजिप्तमार्गे या दलदलीपर्यंत आलेली. मला नवल वाटलं नाही. त्याच्या ताटात काय होतं कोण जाणे, पण माझा डबा पाहिल्यावर गाम्बाक्सने काय हाल सोसले असतील ते समजलं.

माझ्याकडे मिरी नव्हती, आजीने दिलेली लसणाची चटणी होती. बँक मॅनेजरसाहेबांनी कुतूहलाने चमचाभर घेतली. ते लाल झाले, त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी पावसाकडे तोंड उघडून पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्याच शेजारी येऊन बसले आणि बाटलीकडे बघत राहिले. शेवटी व्यवहार झाला: एका चमच्याला दोन गाडे माती, ढिगाऱ्यापर्यंत पोचवून. बँकेतला माणूस, त्यांनी हात मिळवून सौदा पक्का केला.

आजीला सांगितलं, तर म्हणाली, “तीन मागायचेस की.”