पेटी भरली, पुढे काय?

दिवसा मी सर्व्हर सांभाळतो आणि रात्री वसाहत. पगार फक्त पहिल्या कामाचा मिळतो. दुसरं काम मी स्वतःचे पैसे मोजून विकत घेतलंय, तेही सेल लागलाय म्हणून, आणि आमच्या घरात त्याला माझा विरंगुळा म्हणतात. बायको मागून डोकावते, "अजून ऑफिसचंच चाललंय का हो?" असं विचारते. मी नाही म्हटलं तर तिला पटत नाही. पटणार कसं? ऑफिसातही माझ्यासमोर कुठे किती माल साठलाय याचे आकडे असतात, आणि इथंही तेच.

हे दुसरं काम म्हणजे संगणकावरचा एक खेळ, नाव 'ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड'. क्ले एंटरटेनमेंट या कॅनडाच्या कंपनीने तो २०१९ साली पूर्ण स्वरूपात आणला. एका लघुग्रहाच्या पोटात तीन माणसं सोडून दिलेली असतात. त्यांच्यासाठी हवा, पाणी, जेवण, संडास सगळं आपण उभं करायचं. त्यासाठी खोदायचं, आणि खोदलं की माती, दगड, वाळू, धातूचा कच्चा माल जागोजागी पडून राहतो. त्या पसाऱ्याने माणसांचं मन खट्टू होतं, म्हणून तो उचलून साठवणपेटीत भरायचा. एका पेटीत २० टन मावतात. साधा माणूस सुरुवातीला एका खेपेला २०० किलो उचलतो. म्हणजे एक पेटी भरायला शंभर खेपा, आणि मधल्या काळात तीच माणसं आणखी खोदत असतात.

पुढे संशोधन झालं की स्मार्ट पेटी मिळते. तिला शुद्ध केलेला धातू लागतो, वर वीज लागते. एवढं खाऊनपिऊन बाईसाहेब करतात काय, तर भरल्या की हिरवा सिग्नल देतात. त्या सिग्नलला तार जोडून पुढचं एखादं यंत्र बंद-चालू करता येतं, हे मान्य. पण मालाचं करायचं काय, हा प्रश्न पुन्हा माझ्याच पदरात.

ऑफिसातली स्मार्ट व्यवस्था याच घराण्यातली. डिस्क ऐंशी टक्के भरली की पिवळा मेल येतो, नव्वदला लाल मेल, पंचाण्णवला फोन. फोन मला येतो. साहेबांना येत नाही, कारण त्यांनी तो पर्याय बंद करून घेतलाय. डिस्क भरत आल्याची इमानेइतबारे नोंद होते ती एका लॉगमध्ये, आणि तो लॉग त्याच डिस्कवर वाढत असतो.

एकदा तर सर्व्हरने 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', म्हणजे जागाच उरली नाही, म्हणून हात वर केले. बघतो तर निम्मी डिस्क रिकामी! अनुभवी माणूस अशा वेळी आयनोड बघतो. लिनक्सच्या एक्स्ट-४ फाइलसिस्टीममध्ये, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीत, डिस्क तयार करतानाच किती फायली मावणार हे ठरून जातं. सहसा दर १६ केबीमागे एक आयनोड, म्हणजे वहीतली एक ओळ समजा. कुठल्याशा प्रोग्रामने एवढ्याएवढ्याशा लाखो फायली करून ठेवल्या होत्या. वहीतल्या ओळी संपल्या, गोदाम अर्धं मोकळं. साहेबांना हे समजावताना मी घामाघूम झालो. ते म्हणाले, "म्हणजे जागा आहे ना? मग वापर की."

दुसरा प्रकार याच्या उलट. ढेरपोटा लॉग शोधून उडवावा, आणि जागा तसूभरही वाढू नये. कारण जो प्रोग्राम त्यात लिहीत असतो त्याने फाइल धरून ठेवलेली असते. यादीतून नाव गेलं तरी तो सोडेपर्यंत जागा अडलेलीच. मग तो प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करायचा, आणि तो नेमका पगाराचा असतो, आणि तारीख नेमकी तीस असते.

खेळात निदान माणसांचे दोष पाटीवर लिहिलेले असतात. माझ्या वसाहतीत एकजण काम करता करता मध्येच झोपतो. एकाच्या हातात जोर नाही. एकजण सतत वायू सोडत हिंडतो, पण तो वायू नळीने गोळा करून त्यावर जनरेटर चालवता येतो. आमच्या ऑफिसात कुणाचा इतका तरी उपयोग आहे का, यावर मी बोलत नाही.

खेळात प्रत्येक कामाला एक ते नऊ असा प्राधान्यक्रम देता येतो. नवखा खेळाडू उत्साहात सगळ्यालाच नऊ देतो, म्हणजे सगळं एकाच रांगेत येऊन उभं. आमच्याकडे प्रत्येक मेलवर 'अर्जंट' असतं, त्यातलाच प्रकार. शिवाय एका पेटीला पाच आणि शेजारच्या पेटीला सहा दिला की माणसं पहिल्या पेटीतला माल काढून दुसरीत भरत बसतात. वीस टन. बाहेर प्राणवायू संपत आलाय, पण यांची पोती वाहणं चालू.

यावर हसून झाल्यावर मला आमची नवी स्टोरेज यंत्रणा आठवते. ती म्हणे आपोआप ओळखते: रोज लागणाऱ्या फायली वेगवान एसएसडीवर, जुन्यापुराण्या मंद डिस्कवर. वर्षभर छान चालतं. मग ऑडिटर येतात. ते सात वर्षांपूर्वीच्या पावत्या उघडतात, आणि यंत्रणेला वाटतं, अरे वा, मागणी आली! ती सगळा जुना बाजार एसएसडीवर आणून मांडते आणि चालू कामाच्या फायली पाठवते तळघरात. ऑडिटर तोवर चहा पिऊन गेलेले असतात.

काही माल तर पेटीत ठेवूनही गप्प बसत नाही. खेळात स्लाइम नावाचा चिखल आहे, तो पेटीतूनही दूषित हवा सोडत राहतो. जाणते लोक ती पेटीच पाण्याखाली बांधतात, म्हणजे आवाज बंद. नोकरी सोडून गेलेल्या एका गृहस्थांचं फोल्डर आमच्याकडे असंच आहे. गृहस्थ गेले, पण त्यांनी लावून ठेवलेला रिपोर्ट रोज रात्री दोन वाजता तिथे पडतो. तो कुणी वाचत नाही. बंद करू का, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, "राहू द्या, कुणाला लागला तर?"

डिस्कची तब्येत हे आणखी एक प्रकरण. प्रत्येक डिस्क स्वतःची तपासणी करून अहवाल ठेवते, त्या सोयीलाही स्मार्टच म्हणतात. पाच नंबरच्या ओळीत किती खराब जागा बदलून राखीव जागा वापरली ते, १९७ नंबरच्या ओळीत संशयित किती ते. मी रोज सकाळी चहाच्या आधी हे वाचतो, लोक राशिभविष्य वाचतात तसं. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला होता. पहिली स्कॅन त्रुटी, म्हणजे डिस्कने स्वतःला तपासताना सापडलेली चूक, दिसली की पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट. वा, मग सोपं आहे, म्हणेपर्यंत त्याच निबंधात पुढे दिलंय की मेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी त्यातल्या चार मुख्य लक्षणांपैकी एकही दाखवलं नव्हतं. म्हणजे बोलली तर घाबरायचं, आणि बोलली नाही तर जास्त घाबरायचं.

२००८ मध्ये ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने डिस्कच्या कपाटासमोर उभं राहून जोरात ओरडून दाखवलं होतं. कंपनामुळे डिस्क खरोखरच मंदावल्या, आलेखात विलंबाचा उंच शेंडा उमटला. मी ही गोष्ट साहेबांना मुद्दाम सांगितली. तेव्हापासून ते सर्व्हर रूमच्या बाहेर उभे राहून ओरडतात.

तर शेवटी नवीन डिस्क घ्यायचं ठरलं. १६ टीबीच्या आठ. अकाउंट्सच्या मॅडमनी बिल पुढे धरलं. "अहो, आठ घेतल्या तर १२८ व्हायला पाहिजेत ना? इथे ८७ कसे दिसतायत?" मी सांगितलं, रेड-६ आहे, म्हणजे सगळ्या डिस्क मिळून एक करायची पद्धत, दोन डिस्क एका वेळी मेल्या तरी माल वाचावा म्हणून दोन डिस्कएवढी जागा त्यात जाते. राहिले ९६. आणि कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो, संगणक १०२४ च्या, म्हणून ९६ चे ८७. मॅडम बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. वाण्याने मापात मारल्यावर बघतात, तशा नव्हे. तो वाणी मीच असल्यासारख्या.

हे सगळं झाल्यावर 'ऑक्सिजन'च्या खेळाडूंनी काढलेली युक्ती फारच शहाणपणाची वाटते. पेट्याच बांधायच्या नाहीत. सरकत्या पट्ट्याने सगळा माल आणून एकाच चौकटीत टाकायचा. खेळाच्या नियमाप्रमाणे जमिनीच्या एका चौकटीत कितीही टन पडू शकतात. 'ड्वार्फ फोर्ट्रेस' या अशाच दुसऱ्या खेळातलेही खाणीतल्या गाडीने हेच करतात. 'रिमवर्ल्ड' या तिसऱ्या खेळात मात्र ढीग लावताना जपून. तिथे वसाहतीची मालमत्ता वाढेल तसे दरोडेखोरही वाढीव संख्येने येतात. आमच्याकडे दरोडेखोर येत नाहीत, विभागप्रमुख येतात.

खरेदीची फाइल सहीला गेली त्याच दुपारी मार्केटिंगवाले हजर. "नवीन जागा येतेय म्हणे? आमचं ड्रोनचं शूटिंग आहे, फोर-के." एचआरला पिकनिकचे फोटो ठेवायचेत, सगळ्यांच्या मोबाइलमधले, म्हणजे तेच फोटो चाळीसदा. आणि मॅडमनी तर पूर्वतयारी म्हणून एक फोल्डर करून जुन्या बॅकअपच्या दोन-दोन प्रती त्यात काढूनही ठेवल्यात. नाव दिलंय, 'नवीन डिस्कवर टाकायचे'. ते सध्या जुन्या डिस्कवर आहे, आणि आत्ताच पंचाण्णवचा फोन येऊन गेला.