ऐच्छिक, पण उद्यापर्यंत

साहेबांनी फळ्यावर लिहिलं, ‘आधार ऐच्छिक आहे’, आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. मग त्याच खडूनं खाली लिहिलं, ‘उद्दिष्ट – शंभर टक्के’. समोर तालुक्यातले ग्रामसेवक, तलाठी, अंगणवाडीताई आणि माझ्यासारखे जिल्हा परिषदेचे शिक्षक बसले होते. कुणी हसलं नाही. सरकारी नोकरीत मुरलेला माणूस अशा दोन ओळींत विसंगती शोधत बसत नाही. तो दुसरी ओळ तेवढी वहीत उतरवून घेतो.

मी मूळचा सांगोल्याकडचा. शिक्षणसेवक म्हणून सिंधुदुर्गात आलो आणि किनाऱ्यावरच्या एका गावात रुजलो. रुजलो हे माझं मत. गावाच्या हिशेबी मी अजून ‘घाटावरचे गुरुजी’. जनगणना, मतदार यादी, पल्स पोलिओ ही सगळी कामं करून झाली होती, त्यामुळे आधारचं काम मिळालं तेव्हा धक्का बसला नाही. उलट शिकवायला वेळ कधी मिळणार, ही जुनी चिंता आपोआप मिटली.

प्रशिक्षणात माहिती मात्र भरपूर मिळाली. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे यांना दिलं गेलं आणि त्यासाठी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी तिथवर आले होते. शेजारचे ग्रामसेवक पुटपुटले, “म्हणजे सुरुवातच आपल्याकडून. आता सुटका नाही.” दहा बोटं, दोन बुबुळं, एक फोटो आणि बारा आकडे. आकडा शून्यानं किंवा एकनं सुरू होत नाही. शेवटचा अंक आधीच्या अकरांत कुणी चूक केली तर ती पकडण्यासाठी असतो, आणि ती रीत वेर्हूफ नावाच्या डच गणितज्ञानं शोधलेली. बाकी त्या आकड्यातून माणसाबद्दल काही म्हणजे काही कळत नाही. जात नाही, जिल्हा नाही, वय नाही. मला ही गोष्ट थोर वाटली. कोकणात नुसतं आडनाव सांगितलं की ऐकणाऱ्याला तुमचं गाव, वाडी, कुळाचा देव आणि भाऊबंदकीची केस कुठल्या कोर्टात आहे हे सगळं कळतं. तिथं काहीच न सांगणारी ओळख घेऊन मी जाणार होतो.

आधी कर्मचाऱ्यांनी नोंदणी करून आदर्श घालून द्यावा असं ठरलं. तेही ऐच्छिकच होतं, फक्त पावतीची झेरॉक्स पगारबिलाला जोडायची होती. कचेरीतले एक अव्वल कारकून तत्त्वाचे निघाले. “ऐच्छिक ना? मग माझी इच्छा नाही,” असं म्हणून चहा प्यायला गेले. दुसऱ्या दिवशी रांगेत माझ्यापुढे तेच उभे होते आणि मागच्यांना रांग मोडू नका म्हणून दटावत होते.

मग ग्रामसभा. मी ‘आधार – सामान्य माणसाचा अधिकार’ असा फलक देवळाच्या खांबाला बांधला आणि बोलायला उभा राहिलो. पहिला प्रश्न आमच्या पोस्टमन आबांचा.

“गुरुजी, ह्या घेवकच होया काय?”

“नाही आबा, ऐच्छिक आहे.”

“मगे माका नको.”

“पण घेतलेलं बरं. पुढं लागेल.”

“कशाक लागतला?”

“ते अजून ठरलेलं नाही.”

आबांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर ते पत्ता नसलेल्या पाकिटाला राखून ठेवत. मागून एक मच्छीवाली काकी उठली. २६ नोव्हेंबर २००८ ला अतिरेकी समुद्रातून मुंबईत शिरले, त्यानंतर किनाऱ्यावर ओळखपत्रांचा सुकाळ झाला होता. काकीनं कमरेची पिशवी सोडून एकेक कार्ड माझ्या टेबलावर मांडलं. “ह्या घोवाक दर्यात दाखवूचा, ह्या मतदानाक, ह्या रेशनाक. तुमचा नवीन कार्ड खंय दाखवूचा?”

“सगळीकडे,” मी म्हणालो.

“मगे ही जुनी उडवतंय?”

“छे छे! नवीन काढायला ती जुनी लागणार आहेत.”

सभा इथंच संपली, कारण पुढचं कुणाला ऐकू येईना इतका हशा झाला.

शिबिर शाळेतच भरलं. कोल्हापूरकडचा एक पोरगा लॅपटॉप, बुबुळांचं यंत्र आणि जनरेटर घेऊन आला. चौथीच्या वर्गाला सुट्टी मिळाली. त्यामुळे आधारचा गावातला पहिला खरा लाभार्थी म्हणजे चौथीचा वर्ग.

आता मुख्य भानगड सांगतो. ज्याच्याकडे कसलाही कागद नाही त्याचीही नोंद व्हावी म्हणून नियमांत एक चांगली सोय होती. ‘परिचयकर्ता’ नेमायचा. त्याचं स्वतःचं आधार असलं पाहिजे, आणि समोरचा माणूस तोच आहे असं त्यानं सही-अंगठ्यानिशी सांगायचं. खोटं सांगितलं तर जबाबदारी त्याची. आमच्या गावाला परिचयकर्ता म्हणून नेमलं मला! ज्या गावात शेंबड्या पोरालाही सात पिढ्यांची नावं पाठ, तिथल्या लोकांची सरकारला ओळख करून द्यायला सांगोल्याचा माणूस.

वरच्या वाडीतली एक आजी काठी टेकत आली. कागद काहीच नाही. रेशनकार्डावर नाव होतं ते वाळवीनं खाल्लं. ऑपरेटर म्हणाला, “आजी, हे गुरुजी तुमची ओळख देतील.”

“ह्यो? ह्यो माजी वळख देतलो?” आजी काठीनं माझ्याकडे रोख धरून म्हणाली. “आणि ह्येची वळख कोण देतलो?”

“त्यांचं आधार आहे, आजी.”

“आसात. पण ह्यो खंयचो, ह्येचो बापूस कोण, गावात कोणाक ठावक आसा?”

सून मागून म्हणाली, “आये, गप ऱ्हव गो!” पण आजीचा मुद्दा रांगेला पटला होता. रांगेतच चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं गुरुजी माणूस बरा आहे, कुणी म्हणालं बरा आहे पण नक्की कुठला. शेवटी आजीच्या दिराच्या नातवानं, जो माझ्याकडे दुसरीत होता, मी गुरुजीच असल्याची ग्वाही दिली. मग मी आजी ही आजीच असल्याचा अंगठा दिला.

जन्मतारीख विचारल्यावर आजी म्हणाली, “मोठो वादळ झालो तेच्या आदल्या वर्साक.” सॉफ्टवेअरला वादळ समजेना. अंदाजे वय टाकलं की तारीख एक जानेवारी धरली जाते, ती धरली. शाळेत गेलेल्या जुन्या लोकांचा प्रश्नच नव्हता, कारण त्या काळच्या गुरुजींनी त्या सगळ्यांना एक जूनला जन्माला घालून ठेवलं आहे. तेव्हापासून गावात वाढदिवसांचे दोनच मोसम. शिकलेल्यांचा जूनमध्ये, न शिकलेल्यांचा जानेवारीत.

यंत्र खरं अडलं ते बोटांवर. खालच्या वाडीतल्या बायका काजूच्या कारखान्यात बिया फोडतात. काजूच्या टरफलाचं तेल कातडी जाळतं, साल निघून नवी येते, तीही निघते. त्यांच्या बोटांवर यंत्राला रेघाच मिळेनात. जांभ्याच्या खाणीत चिरे काढणाऱ्यांचं तसंच, आणि रापणीचा दोर ओढणाऱ्यांचंही. ऑपरेटर ओला फडका देई, पुसायला सांगे, दाबायला सांगे. पडद्यावर लाल. पुन्हा दाबा. पुन्हा लाल. काही प्रयत्नांनंतर सॉफ्टवेअर कंटाळून जसं असेल तसं घेई. सबंध गावात दहाच्या दहा बोटं एका झटक्यात हिरवी झाली ती दोघांची. एक मी, आणि दुसरे गेली कित्येक वर्षं माडाखाली आरामखुर्ची टाकून बसणारे एक जमीनदार.

एका काजूवाल्या ताईनं हात उलटसुलट करून बघितले आणि विचारलं, “गुरुजी, म्हणजे मी नाय काय?” मी म्हटलं, डोळे आहेत ना, बुबुळं घेतली आहेत. तिनं मान डोलावली आणि दुपारच्या पाळीला गेली. त्या पाळीत काय करणार होती, ते सांगायला नको.

नावांची कथा वेगळीच. नाव इंग्रजीत टाकायचं आणि मराठी आपोआप उमटायचं. दत्तारामचा डट्टाराम झाला. वाडीचं नाव असं काही उमटलं की त्या नावाची वाडी पृथ्वीवर नसावी. रांग एवढी होती की सुधारणा करायला कुणाला वेळ नव्हता. पुढं ती पत्रं पोस्टानं यायला लागली तेव्हा आबांनी एकूण एक पत्र बरोबर घरी पोचवलं. पत्ता चुकीचा, नाव चुकीचं, फोटो तर ज्याचा त्यालाही ओळखू न येणारा. मी विचारलं कसं जमवलंत, तर म्हणाले, “नाव बगूचा नाय. कोणाचा पत्र येवचा ऱ्हवलाहा ता बगूचा.”

पत्रावर स्पष्ट छापलं होतं की हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. साहेबांनीही बजावलं होतं की हे कार्ड नव्हे, हा नुसता क्रमांक आहे. गावानं ते पत्र खालून कापलं, लॅमिनेट केलं आणि देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवलं. पुढं २०२० मध्ये प्लास्टिकची अधिकृत कार्डंही निघाली. मुंबईचे चाकरमानी गणपतीला आले, त्यांतल्या काहींनी दोन्ही घरांचा पत्ता असावा म्हणून गावीही नोंदणी करून टाकली. ती नाकारली गेली. बोटं तीच निघाली. चाकरमान्याला गाव आणि मुंबई यांतलं एक काहीतरी निवडायला लावणारी पहिली व्यवस्था म्हणून मी आधारकडे आदरानं बघतो.

ऐच्छिकचं पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये दावा लावला, म्हटल्यावर गावाला विषयात प्रथमच गोडी वाटली. २३ सप्टेंबर २०१३ ला न्यायालयानं सांगितलं की आधार नाही म्हणून कुणाचं अडवू नका. आबांनी तो पेपर सायकलच्या हँडलला अडकवून सगळ्या वाड्यांत फिरवला. पाठोपाठ गॅसवाला म्हणाला, नंबर आणा. २०१६ मध्ये कायदा झाला. २६ सप्टेंबर २०१८ ला चार विरुद्ध एक असा निकाल आला. सरकारी अनुदानाला आणि पॅनला चालेल, बँकेला आणि मोबाइलच्या सिमला सक्ती नको, शाळेच्या प्रवेशालाही नको. सहा वर्षांत निकाल लागला याचंच गावाला नवल. आमच्याकडे गडग्याची, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधाची, केस याहून जास्त चालते. तोवर सगळ्यांची बँक खाती आणि सिमकार्डं जोडून झालेली होती आणि ती सोडवायला कुणी गेलं नाही.

शाळेपुरतं सांगायचं तर आधार नाही म्हणून पोराला प्रवेश नाकारायचा नाही, हे आम्ही कसोशीनं पाळतो. पोर वर्गात बसतं, खिचडी खातं, पाढे म्हणतं. फक्त ते मोजलं जात नाही. संचमान्यतेला, म्हणजे शाळेत किती शिक्षक ठेवायचे हे ठरवायला, ‘आधार व्हॅलिड’ पोरंच धरतात. पोर्टलवर प्रत्येक नावापुढं व्हॅलिड, इनव्हॅलिड नाहीतर अनप्रोसेस्ड असा शेरा येतो. जनरल रजिस्टरात ‘सई’ आणि आधारवर ‘साई’ असली की पोरगी इनव्हॅलिड. आधारवर चुकून पुरुष पडलं असेल तर पोरगी इनव्हॅलिड. पाचव्या वर्षी बोटं द्यायची राहिली तर केंद्रावर चला, केंद्र तालुक्याला, एसटी सकाळची एक, पावसात रेंज नाही, नावात बदल दोनदाच, जन्मतारखेत एकदाच. पालक म्हणतात, “गुरुजी, तुमचा पद जाता म्हणान आमी कामाची खोटी कित्याक करूची?” याला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून एसटीचं भाडं मी देतो.

आबा आता निवृत्त झालेत. पेन्शन चालू राहायला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो, आणि तो हल्ली आधारवर घरबसल्या होतो. यंदा नवा पोस्टमन यंत्र घेऊन त्यांच्या खळ्यात आला तेव्हा मी तिथंच सोलकढी पीत होतो. आबांचा निवृत्तीनंतरचा उद्योग काजू भाजण्याचा. अंगठा लागेना. तर्जनी लागेना. मग पोरानं मोबाइल तोंडासमोर धरला आणि म्हणाला, “आबा, चेहऱ्यानं करूया. पापणी मिटा नि उघडा.”

“तू माका वळाखतस मा रे?”

“वळाखतंय ओ. तुमीच माका शिक्को मारूक शिकवलास.”

“मगे लिव थंय, आबा जितो आसा म्हणान.”

“थंय तसा लिवक जागा नाय, आबा. पापणी मिटा.”

आबांनी पापणी मिटली आणि उघडली नाही. पोरगा घाबरला. मोबाइलवर गोल गोल फिरत राहिलं. आतून वहिनी ओरडल्या, “ओ, उगडा डोळे! नाटका पुरे, ह्या म्हयन्याची पेन्शन जायत!” तेव्हा कुठं त्यांनी एक डोळा उघडला, आणि यंत्र म्हणालं, दोन्ही डोळे दाखवा.