ठिपका हिरवा ठेवण्याचे शास्त्र

सहकारी काय करीत आहे हे कळण्यासाठी त्याच्याशी बोलावे लागते, हा गैरसमज आपण प्रथम मनातून काढून टाकावा. कचेरीच्या संदेशांसाठी असलेल्या टीम्ससारख्या अ‍ॅपमध्ये त्याच्या नावापुढचा ठिपका हिरवा (म्हणजे हजर) आहे की पिवळा (म्हणजे जागेवर नाही), एवढे पाहिले की पुरे. टीम्समध्ये संगणकाला पाच मिनिटे हात लागला नाही की ठिपका पिवळा पडतो. तेव्हा विचार करायचाच असेल, तर तो चार-चार मिनिटांच्या हप्त्यांत करावा आणि मध्ये माउस हलवावा. माउस आपोआप हलवणारे यंत्र बाजारात मिळते खरे, पण 2024 मध्ये एका मोठ्या अमेरिकी बँकेने कळफलक चालू असल्याचा आभास निर्माण करणाऱ्या डझनभराहून अधिक कर्मचाऱ्यांना नारळ दिला, हे ध्यानात ठेवून आपण आपला हातानेच हलवावा. दादरला विरार फास्टमध्ये शिरताना पाकिटाची काळजी करू नये. अ‍ॅप तेवढे उघडे ठेवावे.

एकाच गूगल डॉकमध्ये चौघे उतरले की संयम लागतो. आपण 'अहवाल सादर करण्यात येत आहे' असे लिहीत असता कोणाचा तरी जांभळा कर्सर मागून येतो आणि 'येत आहे' खाऊ लागतो. जांभळे गृहस्थ पलीकडच्याच खुर्चीत बसलेले असतात. तरीही 'अहो, थांबा जरा' असे म्हणू नये, कारण त्यांच्या कानांत हेडफोन आहेत आणि आपल्याही.

ऐकून काम करण्याची पद्धत फार जुनाट आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेतील बेकरलू मार्गाच्या नियंत्रण कक्षाचा क्रिश्चन हीथ आणि पॉल लफ या संशोधकांनी अभ्यास केला आणि तो 1992 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे एकजण चालकाशी बोलत असता शेजारच्याच्या कानांवर ते पडे आणि कोणी न सांगताच तो प्रवाशांसाठी सूचना देऊ लागे. फोर्टातल्या जुन्या कचेऱ्यांतही साहेबांच्या फोनवरील आवाजाची पट्टी ओळखून कारकून नेमकी फाईल काढून ठेवीत. अशा चोंबडेपणामुळे स्मरणपत्रे आणि आढावा बैठका यांचे किती नुकसान होते, याचा त्या मंडळींनी विचारच केला नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरील निळ्या खुणा बंद कराव्यात, असा मोह होईल; पण मग साहेबांनी आपला संदेश वाचला की नाही, हेही दिसत नाही, शिवाय ग्रुपमध्ये ही सवलतच नाही. त्यापेक्षा आलेल्या प्रत्येक संदेशाला अंगठा दाखवावा. मग काम नेमके कोण करीत आहे, हा प्रश्न बैठकीपर्यंत कोणालाही पडत नाही. आणि तेथे तो निघालाच, तर आपला माइक म्यूटवर राहिलेला असावा.