नर्सना आतलं काय माहीत असतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया बोचरी आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळींत उरकत नाही. तुमचं म्हणणं असं: दिवसभर दुसऱ्यांना सुया टोचणारी माणसंच स्वतः लस घ्यायला का-कू करतात, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. आणि वर, 'एकतर त्यांचं ऐका, नाहीतर त्यांना काढून टाका.'

का-कू नेमकी कोणत्या लसीबद्दल, हे आधी बघायला हवं. हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराच्या लसीवरून सहसा वाद होत नाही. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रुग्णाची सुई टोचली, तर हा संसर्ग होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के आहे. धोका स्वतःच्या बोटाला भिडलेला असतो. फ्लूचं तसं नाही. लस दरवर्षी घ्यायची, ती त्या हंगामातल्या विषाणूशी चांगली जुळली तरी संरक्षण साधारण ४० ते ६० टक्के, आणि फायदा बऱ्याचदा समोरच्या रुग्णाचा. लस घेऊनही तापाने फणफणलेला सहकारी सगळ्या वॉर्डला दिसतो. लसीमुळे न्यूमोनियापासून वाचलेला रुग्ण कुणालाच दिसत नाही, कारण तो आजारीच पडलेला नसतो! ज्याला तुम्ही आतली माहिती म्हणता, ती बहुतेकदा ही अर्धीच बाजू असते. शिवाय अनेक देशांतल्या पाहण्यांत फ्लूची लस घेणाऱ्यांचं प्रमाण नर्सपेक्षा डॉक्टरांत जास्त आढळतं. काही काळंबेरं असतं, तर उलट दिसायला हवं होतं.

शंका बिनबुडाची असते, असं मात्र मी म्हणत नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस साडेचार कोटी लोकांना दिली गेली; लाखामागे साधारण एकाला गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार जास्तीचा झाला आणि मोहीम थांबली. रोटाशील्ड ही रोटाव्हायरसची, म्हणजे बाळांना जुलाब लावणाऱ्या विषाणूवरची, लस १९९८ मध्ये आली आणि बाळांच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकल्याच्या नोंदी येऊ लागल्यावर १९९९ मध्ये मागे घेतली गेली. संशय नोंदवायला जागा होती, म्हणून ते उघड झालं. वॉर्डातल्या कुजबुजीतून झालं नसतं.

आता 'काढून टाका'. अमेरिकेतल्या सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ मध्ये फ्लूची लस सक्तीची केली आणि प्रमाण ९८ टक्क्यांच्या घरात गेलं. सक्ती चालते, हे मान्य. पण इंग्लंडने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ठरवलेली कोविड लसीची सक्ती २०२२ मध्ये लागू होण्याआधीच मागे घेतली. एवढी माणसं गमावण्याची भीती हेही त्यामागचं एक कारण होतं. आणि सक्तीने हात पुढे होतो, मन होईलच असं नाही. मनातली ती शंका रुग्णापर्यंत पोचते. फ्रान्समधल्या जनरल प्रॅक्टिशनरांच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या, एका पाहणीत, लसीगणिक, १६ ते ४३ टक्के डॉक्टर ती लस रुग्णांना कधीमधीच सुचवत होते किंवा सुचवतच नव्हते.

म्हणून मी ऐकण्याच्या बाजूचा. ऐकणं म्हणजे होकार नव्हे. कोणती लस, कसली भीती, गरोदरपण आहे का, आधी काही त्रास झाला होता का, हे विचारावं. आणि विचारणारा त्या नर्सचा साहेब नसावा. साथीत महिनोन्महिने पुरेसे मास्क न देणाऱ्या व्यवस्थापनाने अचानक लसीचं परिपत्रक काढलं, तर राग लसीवर निघतो. आणि हो, डोसनंतर ताप आला तर रजा मिळणार का, हा प्रश्न बऱ्याच जणी विचारतात. त्याचं उत्तर माहितीपत्रकात नसतं, ड्युटी लावणाऱ्याने द्यायचं असतं.